कॅमेऱ्याआधी कागद: पहिल्या शूटची तयारी

पहिल्या शूटचं ठरलं की विद्यार्थी आधी कॅमेऱ्याभोवती जमतात. लेन्स कोणती घ्यायची, गिंबल मिळेल का, बॅटऱ्या किती लागतील. मी त्यांना आधी एक फोल्डर आणायला सांगते, कागद ठेवायचा, साधा पुठ्ठ्याचा. शूटच्या आदल्या आठवड्यात त्यात चार गोष्टी यायला हव्यात: कॅमेऱ्यासमोर येणाऱ्यांची संमतिपत्रं, जागेची लेखी परवानगी, संगीत वापरणार असाल तर त्याचा परवाना आणि कॉलशीट, म्हणजे कोणी कधी, कुठे पोहोचायचं याचा त्या दिवसाचा कागद. घाई यासाठी की शूट संपलं की माणसं पांगतात. फोकस चुकला तर शॉट पुन्हा घेता येतो. सही राहिली तर त्या माणसाला शोधत फिरावं लागतं, आणि सापडल्यावर तो नाही म्हणाला तर तो त्याचा हक्कच आहे.

संमतिपत्राला सेटवर सगळे रिलीज फॉर्म म्हणतात. तो एका पानाचा असावा आणि सही करणाऱ्याला समजेल अशा भाषेत असावा. त्यात माणसाचं नाव आणि संपर्क, तुमचं नाव, व्हिडिओचा विषय, शूटची तारीख, तो कुठे कुठे दाखवला जाईल, किती काळासाठी, मानधन आहे की नाही, आणि खाली दोघांच्या सह्या. ‘फक्त वर्गात दाखवू’ असं सांगून सही घेतली आणि पुढे तोच व्हिडिओ महोत्सवाला पाठवला किंवा इंटरनेटवर टाकला, तर ती संमती त्या वापराला पुरत नाही. पुढे कुठे जायची शक्यता आहे ते आजच लिहा. समोरची व्यक्ती अल्पवयीन असेल तर पालकांची सही लागते. शिक्षक किंवा मोठा भाऊ ‘चालेल’ म्हणाला म्हणून भागत नाही.

आणि फॉर्म पुढे सरकवून ‘इथे सही करा’ म्हणू नका. माणसाशेजारी बसा, पान त्याच्याकडे वळवा, एकेक ओळ वाचून दाखवा. विचारायचं असेल तर थांबा. सही झाली की त्याने तो फॉर्म छातीशी धरलेला एक फोटो काढा. दोन महिन्यांनी एडिटला बसाल तेव्हा ‘निळ्या शर्टातले ते गृहस्थ कोण’ याचं उत्तर त्या फोटोत मिळेल. फॉर्मची एक प्रत त्यांच्याकडेही राहू द्या. मुलाखतीला बसलेला माणूस या पाच मिनिटांत तुमच्याकडे नीट बघतो, आणि पुढे तो किती मोकळेपणाने बोलेल ते बरंचसं तिथेच ठरतं, असा माझा अनुभव आहे.

जागेच्या परवानगीत एकच प्रश्न महत्त्वाचा: हो म्हणणाऱ्याला हो म्हणायचा अधिकार आहे का? भाडेकरू, दारावरचा पहारेकरी किंवा काउंटरवरचा ओळखीचा माणूस कितीही आपुलकीने ‘या, करा शूट’ म्हणाला, तरी परवानगी मालकाची किंवा व्यवस्थापनाची लागते. ती लेखी हवी, तारीख आणि वेळेसह, आणि किती माणसं, कोणतं सामान येणार याच्या उल्लेखासह. सार्वजनिक रस्त्यावर हातात कॅमेरा धरून चित्रण करणं एक, आणि स्टँड, दिवे लावून रस्ता अडवणं दुसरं. ड्रोन उडवायचा असेल तर त्या देशाच्या नागरी विमान वाहतूक विभागाचे नियम लागू होतात. मित्राचा ड्रोन आहे म्हणून ते टळत नाहीत.

ही परवानगी नुसता कागदी सोपस्कार वाटत असेल, तर सारा जोन्स यांच्याबद्दल सांगते. त्या कॅमेरा असिस्टंट होत्या, वय २७. २० फेब्रुवारी २०१४ रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका रेल्वे पुलावर चित्रीकरण चालू असताना मालगाडी आली आणि त्यांचा मृत्यू झाला. इतरही काही जण जखमी झाले. रुळांवर चित्रीकरण करायला रेल्वे कंपनीने परवानगी दिलेली नव्हती. पुढच्या वर्षी दिग्दर्शकाने न्यायालयात गुन्हा कबूल केला. परवानगी मागितली की रुळ, वेळापत्रक, वीज, उंची यांची माहिती असलेला माणूस त्या योजनेकडे पाहतो आणि धोका दिसला तर नाही म्हणतो. त्याचं नाही मिळालं असेल, तर तिथे शूट करायचं नाही. त्या सेटवर असिस्टंट म्हणून तुम्ही असता तर? म्हणून जाण्याआधी हे एक वाक्य मोठ्याने म्हणून बघा: ‘मला हे सुरक्षित वाटत नाही, मी इथे उभी राहणार नाही.’ वरिष्ठांसमोर ते जड जातं. घरी दहा वेळा म्हटलेलं असलं की सेटवर तोंडातून निघतं.

छोट्या शूटवरचे धोके साधे असतात, पण रोजचे. प्रत्येक लाइट स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी, चालायच्या वाटेवरच्या केबलवर गाफर टेप (सेटवरची मजबूत कापडी चिकटपट्टी), आणि दिवा गरम असताना त्याला हात नाही. विजेचा हिशोब आधी करा: वॅटला व्होल्टने भागलं की अँपिअर मिळतात. २३० व्होल्टवर २००० वॅटचा एक दिवा साधारण ८.७ अँपिअर ओढतो. तसे दोन एकाच बोर्डावर लावायच्या आधी तो बोर्ड आणि त्यामागची वायर किती झेपवतात ते जागेच्या इलेक्ट्रिशियनला विचारा. जवळचं रुग्णालय कोणतं आणि प्रथमोपचाराची पेटी कोणाकडे, हे कॉलशीटवर असलंच पाहिजे.

आता संगीत. इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत, म्हणून थोडं सावकाश.

विद्यार्थी असताना मी एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्या कारागिराची मुलाखत घेतली होती. दुकानात रेडिओ चालू होता. तो बंद करायला सांगायचा मला संकोच वाटला. त्यांच्याच दुकानात त्यांना काय सांगायचं, असं वाटलं. ते वडिलांच्या शेवटच्या आजारपणाबद्दल बोलले, भिंग डोळ्याला लावलेलं, हातात चिमटा, आणि मागे एक लोकप्रिय गाणं स्पष्ट वाजत होतं. त्या गाण्याचा परवाना माझ्याकडे नव्हता, आणि ते आवाजातून वेगळंही काढता येईना. कट मारला की गाणं मध्येच उडी मारायचं. फिल्ममधली सर्वांत चांगली दोन मिनिटं मी काढून टाकली. आता खोलीत शिरल्यावर मी आधी डोळे मिटून ऐकते: रेडिओ, टीव्ही, पंखा, फ्रीज. नम्रपणे विचारलं तर लोक बंद करतात. फ्रीज बंद केलात तर गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो पुन्हा चालू करायचं विसरणार नाही.

एका रेकॉर्डिंगमध्ये दोन हक्क असतात: रचनेचा आणि त्या ध्वनिमुद्रणाचा. बेथोव्हेन १८२७ साली वारला, त्याच्या रचना केव्हाच सर्वांसाठी खुल्या झाल्या. पण एखाद्या वाद्यवृंदाने गेल्या वर्षी केलेलं त्याच रचनेचं रेकॉर्डिंग त्या वाद्यवृंदाचं किंवा त्याच्या कंपनीचं असतं, आणि ते विचारल्याशिवाय घेता येत नाही. ‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’ असा कुठलाही सरसकट नियम नाही. खाली मूळ कलाकाराचं नाव लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही होत नाही. टीका, समीक्षा, अध्यापन यांसाठी कायद्यात सवलती आहेत, पण त्या देशागणिक वेगळ्या आहेत आणि त्यात वापराचं कारण, प्रमाण, मूळ कलाकृतीच्या बाजारावर होणारा परिणाम अशा गोष्टी तपासल्या जातात.

क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत आणि विद्यार्थ्यांसाठी फार उपयोगाचे आहेत, पण त्यावरची अक्षरं वाचा. ‘बीवाय’ म्हणजे श्रेय द्या. ‘एनसी’ म्हणजे व्यापारी वापर नको. ‘एनडी’ म्हणजे बदल नको, आणि इथेच पुष्कळ जण फसतात: या परवान्यांत चित्राच्या लयीवर संगीत बसवणं हाच बदल मानला आहे, त्यामुळे ‘एनडी’ संगीत व्हिडिओखाली लावता येत नाही. ‘एसए’ लावलंत तर तुमचा व्हिडिओही त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. ज्या दिवशी फाइल उतरवली त्याच दिवशी परवान्याच्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसह फोल्डरमध्ये टाका. पान उद्या बदललं तरी तुमच्याकडे पुरावा राहतो.

चौकटीत काय काय येतं तेही बघा. भिंतीवरचं चित्र, पोस्टर, मागच्या स्क्रीनवर चालू असलेला सामना, शीर्षकासाठी निवडलेला फाँट, सगळ्याला कोणीतरी धनी असतो. आयफेल टॉवर दिवसा चित्रित करायला हरकत नाही, पण रात्रीच्या त्याच्या रोषणाईवर हक्क सांगितलेला आहे आणि व्यावसायिक वापरासाठी आधी परवानगी घ्यावी लागते. इतकं बारीक पाहावं लागतं.

हक्क तुमचेही असतात. १८८६ च्या बर्न करारात आज १८० हून अधिक देश आहेत, आणि त्यानुसार निर्मिती झाली की स्वामित्वहक्क आपोआप मिळतो, नोंदणीची अट नाही. किमान मुदत निर्मात्याच्या मृत्यूनंतर ५० वर्षं. अनेक देशांत ती ७० आहे, भारतात ६०. पण तुम्ही चित्रित केलेलं फुटेज तुमचंच असेल असं नाही. नोकरीत केलेलं काम बहुतेक ठिकाणी मालकाचं ठरतं, फ्रीलान्स कामात करारात लिहिलेलं लागू होतं, आणि काही संस्था विद्यार्थ्यांच्या कामावरही हक्क ठेवतात. म्हणून काम घेण्याआधी साध्या ईमेलवर तरी हे लिहून घ्या: किती दिवस, किती तास, पैसे किती आणि कधी, जादा वेळेचं काय, श्रेय कोणत्या नावाने, आणि शोरीलमध्ये, म्हणजे स्वतःच्या कामाच्या नमुना-व्हिडिओत, वापरायची परवानगी. फोनवर बोलणं झालं असेल तर ‘आपलं असं ठरलं’ म्हणून त्याच दिवशी मेल पाठवा. पैशांचं विचारणं उद्धटपणाचं नाही. नीट काम करणारे लोक उलट निश्चिंत होतात.

सेटवर वागायचं कसं, याची तयारी सामान भरण्याइतकीच खरी आहे. कॉलशीटवर सकाळी सात लिहिलं असेल तर पावणेसातला तिथे. फोन नुसता सायलेंट नको, विमान मोडवर टाका, कारण व्हायब्रेशन आणि सिग्नलची खरखर दोन्ही माइकमध्ये येतात. दुसऱ्या विभागाच्या सामानाला न विचारता हात लावायचा नाही. कॅमेऱ्याजवळ उभ्या असलेल्या तुम्हाला बूम (लांब दांड्यावरचा माइक) सरकवणं सोपं वाटलं तरी नाही. सूचना मिळाली की ती परत उच्चारा: ‘पन्नासची लेन्स, आणतेय.’ अर्ध्या चुका तिथेच पकडल्या जातात. आणि चूक झाली तर त्याच क्षणी सांगा. ‘मागच्या टेकला रेकॉर्ड दाबलं नव्हतं’ हे दोन मिनिटांनी कळलं तर टेक पुन्हा होतो. रात्री कळलं तर दिवस जातो. सेटवरचे फोटो सोशल मीडियावर टाकू नका, अगदी कौतुकाने काढलेलेही, जोवर निर्माता हो म्हणत नाही. कोणी अंगचटीला आलं, अपमान केला, तर तक्रार कोणाकडे करायची ते पहिल्याच दिवशी विचारून ठेवा. हा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला अडचणीचा कधीच वाटला नाही.

आदल्या रात्रीची तयारी: सगळ्या बॅटऱ्या चार्ज, आणि चार्ज झालेल्यांवर टेपचा तुकडा. विमानाने जाणार असाल तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. १०० वॅट-तासांपर्यंत साधारण अडचण येत नाही, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. वॅट-तास काढायला व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणा: १४.४ गुणिले ६.६ म्हणजे ९५. कार्डांचाही हिशोब करा. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रित केलं तर तासाला सुमारे ४५ जीबी लागतात, म्हणजे ६४ चं कार्ड दीड तासही पुरत नाही. आवाज ४८ किलोहर्ट्झवर, बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर शटर एक पन्नासांश, ६० चा असेल तर एक साठांश. नाहीतर ट्यूबलाइटखाली चित्र थरथरतं. मुलाखत संपल्यावर सगळ्यांना गप्प उभं करून अर्धा मिनिट नुसत्या खोलीचा आवाज घ्या, एडिटला तो लागतोच.

भरलेलं कार्ड कॅमेऱ्यातून निघालं की लगेच लॉक करायचं आणि वेगळ्या खिशात. माझ्याकडे रिकामी उजव्या खिशात, भरलेली डाव्या, कधीच उलट नाही. घरी आल्यावर तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. नुसती कॉपी झाली म्हणून कार्ड फॉरमॅट करू नका. दोन प्रतींतल्या क्लिप उघडून, पुढे-मागे सरकवून बघा, मगच. केबल कोपराभोवती गुंडाळू नका. एक वेटोळं सरळ, दुसरं आतून उलटं, म्हणजे आतल्या तारांना पीळ बसत नाही आणि पुढच्या वेळी फेकली की सरळ उलगडते. सामान परत देताना यादीवर खूण करून घ्या, आणि काही तुटलं असेल तर कोणी विचारायच्या आधी सांगा.

मग तो फोल्डर पुन्हा उघडा. सगळे फॉर्म स्कॅन करा, फाइलच्या नावात तारीख आणि माणसाचं नाव घाला, आणि फुटेजच्या शेजारीच ठेवा. फिल्म पूर्ण झाली की त्या यादीतल्या प्रत्येकाला फोन करून कधी आणि कुठे दाखवतोय ते कळवा, आणि बघायला बोलवा.