धुराडे साफ करण्याआधी आत डोकावून पाहा

लाकूड जाळणाऱ्या शेगडीचे धुराडे वर्षातून किमान एकदा तपासावे, आणि तेही थंडी सुरू होण्यापूर्वी, कारण शेगडी रोज पेटू लागली की ती पूर्ण थंड होण्याची सवड मिळत नाही. ब्रश केव्हा चालवायचा, हे मात्र तारखेवर नव्हे, तर आत साचलेल्या थरावर ठरवावे.

शेवटची आग विझून एक पूर्ण दिवस उलटल्यावर हातमोजे, चष्मा आणि मुखपट्टी घालून डॅम्पर, म्हणजे धूर अडवणारी झडप, उघडावी आणि टॉर्चच्या उजेडात तिच्या वरच्या भिंतीवर जुन्या स्क्रूड्रायव्हरने एक ओरखडा काढावा. थर 3 मिलिमीटर किंवा त्याहून जाड असेल, तर सफाई पुढे ढकलू नये. भुकटीसारखी काजळी ब्रशने सहज निघते आणि कुरकुरीत काळ्या पापुद्र्यांना थोडा जोर लागतो. परंतु डांबर ओतल्यासारखा चकचकीत, कडक थर दिसला तर ते घट्ट झालेले क्रिओसोट, म्हणजे धुरातून साचणारा ज्वलनशील डांबरी पदार्थ, असते. त्यापुढे घरगुती ब्रश निरुपयोगी ठरतो, म्हणून ते काम जाणकारावरच सोपवावे.

असा थर वारंवार साचत असेल, तर दोष बहुधा धुराड्याचा नसून लाकडाचा असतो. ओले लाकूड धुमसत जळते, त्याचा धूर वर जाताना थंड पडतो आणि त्यातील न जळालेले घटक भिंतीला चिकटतात. लाकडातील ओलावा 20 टक्क्यांपेक्षा कमी असावा. आगीत टाकायची सफाईची पावडर थर थोडाफार सैल करते, पण ब्रशची जागा घेत नाही.

ब्रश धुराड्याच्या नळीच्या मापाचा आणि आकाराचा घ्यावा. शेगडीचे तोंड प्लास्टिकच्या कापडाने आणि चिकटपट्टीने बंद करून एकेक दांडा जोडत ब्रश पुढे सरकवावा. दांडे आट्यांचे असतील, तर ते घट्ट होण्याच्या दिशेनेच फिरवावेत. उलटे फिरवल्यास सांधा सुटतो आणि ब्रश नळीतच अडकून राहतो, मग तो काढणे सफाईपेक्षा महाग पडते. खाली पडलेली काजळी घरातल्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढू नये, कारण बारीक कण गाळणीतून निसटून खोलीभर पसरतात. डॅम्परमागच्या कप्प्यात साठलेला ढीग हमखास विसरला जातो, तोही काढावा.

बाहेरची पाहणी छपरावर न चढता दुर्बिणीनेही होते. धुराड्याच्या तोंडावरची टोपी आणि तिची जाळी जागेवर आहे का, पक्ष्यांनी घरटे केले आहे का, विटांवर पांढरे क्षार आले आहेत का, हे पाहावे. असे क्षार पाणी मुरत असल्याची खूण असतात. शेगडीत नळीच्या आतल्या अस्तराचे तुकडे पडलेले आढळले, डॅम्पर वाकलेला असला किंवा काजळी फुगून मधाच्या पोळ्यासारखी झाली असली, तर नळीत कधीतरी आग लागून गेली असण्याची शक्यता असते. अशी आग कित्येकदा घरच्यांच्या लक्षातही येत नाही. अशा वेळी जाणकाराने आतून तपासणी करेपर्यंत शेगडी पेटवू नये.

गॅसच्या उपकरणाची नळी स्वच्छ दिसली तरी घरट्याने तुंबू शकते आणि तुंबलेल्या नळीतून परत फिरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंगही नसतो, वासही नसतो. त्यामुळे झोपण्याच्या खोल्यांजवळ त्याचा अलार्म बसवावा आणि त्याचे चाचणीचे बटण दर महिन्याला दाबून पाहावे.