दगड हातात आला की रंग बघू नका, आधी हे करा

खनिज ओळखायचं म्हटलं की सगळे पहिल्यांदा रंग बघतात आणि तिथेच गंडतात. साधी गारगोटी घ्या, म्हणजे क्वार्ट्झ. शुद्ध असली की पाण्यासारखी आरपार, थोडं लोखंड शिरलं की जांभळी, शिवाय गुलाबी, धुरकट, दुधाळ अशा सगळ्या तऱ्हा, पण आत माल तोच, सिलिकॉन डायऑक्साइड. माणिक आणि नीलम तर चक्क एकच खनिज आहे, कोरंडम, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साइड. चिमूटभर क्रोमियमने लाल होतं आणि लोखंड-टायटॅनियमने निळं. तेव्हा रंग नोंदवून ठेवा, पण त्याच्यावर निकाल देऊ नका.

सामान फार लागत नाही. १० पट दाखवणारं भिंग, स्टीलचा चाकू, तांब्याचा तुकडा, काचेचा तुकडा, चुंबक, ग्रॅममध्ये मोजणारा डिजिटल काटा, थोडं व्हिनेगर, आणि एक चिनीमातीची टाइल जिची मागची बाजू खरखरीत आहे, ग्लेझ नसलेली. ही टाइल सगळ्यात महत्त्वाची, का ते सांगतो.

सोनं जसं कसाला लावतात तसंच खनिजही लावायचं. टाइलच्या खरखरीत बाजूवर दगड दाबून एक रेघ ओढा आणि त्या भुकटीचा रंग बघा, यालाही ‘कस’ म्हणतात. दगड वरून काहीही रंग दाखवो, कस सहसा बदलत नाही. हेमॅटाइट काळं चकचकीत असलं तरी रेघ येते गेरूसारखी तांबडी, कारण ते आयर्न ऑक्साइड आहे आणि गेरूचा रंगही त्याचाच. मॅग्नेटाइट पण लोखंडाचंच ऑक्साइड, पण त्याची रेघ काळी आणि ते चुंबकाला चिकटतं (चुंबक दोऱ्याला टांगून दगड जवळ नेला तर बारीकशी ओढसुद्धा कळते). आणि ते सोन्यासारखं चमकणारं पायराइट, त्याची रेघ हिरवट काळी येते, खऱ्या सोन्याची पिवळीच येते, संपला विषय. फक्त टाइलचं स्वतःचं काठिण्य, म्हणजे ओरखडा न पडू देण्याची ताकद, १ ते १० च्या पट्टीवर (ती पुढे सांगतो) साधारण ७ असतं, त्यामुळे त्याहून कडक दगड टाइललाच ओरखडतो आणि पांढरी भुकटी दिसते ती टाइलची असते.

आता काठिण्य. फ्रेडरिक मोहस यांनी १८१२ साली केलेली १ ते १० ची पट्टी अजूनही चालते: शंखजिरं १, जिप्सम २, कॅल्साइट ३, फ्लोराइट ४, अॅपेटाइट ५, ऑर्थोक्लेज फेल्डस्पार ६, क्वार्ट्झ ७, पुष्कराज ८, कोरंडम ९, हिरा १०. पाठ करायची गरज नाही, नख साधारण अडीच, तांबं तीनच्या आसपास, चाकू आणि काच साडेपाचच्या जवळपास, एवढं लक्षात ठेवलं तरी भागतं. नखाने ओरखडलं तर जिप्सम किंवा त्याहून मऊ, नखाला दाद देत नाही पण चाकू सहज चालतो तर कॅल्साइटच्या बाजूला बघा, आणि दगडानेच काचेवर चर पाडली तर क्वार्ट्झ-फेल्डस्पारकडे वळा.

इथे मी स्वतः खाल्लेला फटका सांगतो. एका पांढऱ्या दगडाने काच ओरखडली, रेघ स्पष्ट दिसत होती, मी वहीत क्वार्ट्झ लिहून मोकळा. नंतर ओलं बोट फिरवलं तर रेघ पुसली गेली, म्हणजे काचेवर चर नव्हतीच, दगडाचीच भुकटी लागली होती, तो निघाला कॅल्साइट. तेव्हापासून ओरखडा पुसून आणि नखाने चाचपून बघितल्याशिवाय काही लिहीत नाही. आणि घासायचं ते नेहमी ताज्या फुटलेल्या जागेवर, पावसापाण्याने सडलेली वरची साल मऊ लागते आणि फसवते.

दगड फुटतो कसा हेही बघा. अभ्रकाचे पापुद्रे निघतात, एकाच दिशेने. मिठाचे खडे चौकोनी फुटतात. कॅल्साइट तीन दिशांनी फुटतं पण कोपरे काटकोनात नसतात, कलंडलेल्या खोक्यासारखा तुकडा पडतो. या सपाट फुटण्याला पुस्तकात पाटन म्हणतात. क्वार्ट्झला असं पाटन दिसत नाही, ते जाड काच फुटावी तसं शिंपल्यासारखं वळणदार फुटतं. पांढरा फेल्डस्पार आणि पांढरं क्वार्ट्झ यात घोळ झाला तर हेच बघायचं, फेल्डस्पारला जवळजवळ काटकोनातल्या दोन सपाट बाजू असतात आणि प्रकाशात फिरवला की त्या चमकून जातात.

मग वजन, माझी आवडती टेस्ट. दगड कोरडा तोलून घ्या, समजा ८१ ग्रॅम भरला. काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून आकडा शून्य करा, दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा समजा १८ दाखवतो. ८१ भागिले १८, साडेचार. हे झालं विशिष्ट गुरुत्व, म्हणजे दगड तेवढ्याच आकाराच्या पाण्याच्या किती पट जड आहे. क्वार्ट्झ २.६५ आणि कॅल्साइट २.७१, त्यामुळे पांढऱ्या दगडाचं साडेचार आलं तर तो बहुतेक बराइट, बेरियम सल्फेट. पायराइट ५ च्या आसपास, गॅलेना (शिशाचं खनिज) ७.५, ते हातात घेतल्यावरच कळतं म्हणा.

आता रसायन. कार्बोनेटवर, म्हणजे कॅल्साइटसारख्या खनिजावर, अॅसिड पडलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. व्हिनेगर कमजोर असतं, म्हणून दगड खरवडून भुकटीवर थेंब टाका आणि भिंगातून बघा. पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिड असेल तर कॅल्साइट लगेच फसफसतं, डोलोमाइट मात्र भुकटी केल्याशिवाय फारसं दाद देत नाही, कारण त्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियम असतं. अॅसिड वापरताना गॉगल-ग्लोव्ह्ज घाला आणि धातूसारख्या चमकणाऱ्या जड दगडावर ते अजिबात टाकू नका, गॅलेनासारख्या सल्फाइडमधून, म्हणजे गंधक असलेल्या खनिजातून, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो आणि तो विषारी आहे.

चव घेऊन बघा असंही कोणी सुचवतं, मीठ ओळखायला. नका करू. गॅलेनात शिसं असतं, हिंगुळात पारा, आणि ओळख पटायच्या आधी दगड कुठला हे तुम्हाला माहीत नसतंच. तंतू निघणारा दगड दिसला तर खरवडू पण नका, अॅस्बेस्टॉस असू शकतं. बाकी कुठलाही हाताळला तरी नंतर हात साबणाने धुवा, आणि भुकटी फुंकर मारून उडवू नका, ओल्या कपड्याने पुसा.