बेडका तपासणीसाठी नमुना कसा द्यावा आणि यंत्र त्यात काय शोधते

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सायंकाळचा ताप किंवा घटते वजन दिसले की आशाताई क्षयरोगासाठी (टीबी) बेडका तपासायला सांगतात आणि हाती डबी देतात. ही तपासणी आता सीबीनॅट किंवा ट्रूनॅट यंत्रावर होते. यंत्र डबीत असलेल्या क्षयजंतूंच्या डीएनएच्याच (जनुकीय द्रव्याच्या) प्रती काढते. डबीत नुसती लाळ गेली, तर रोग असूनही अहवाल निगेटिव्ह येऊ शकतो. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद होतो, तेव्हा दुसरा नमुना पाठवायला किती दिवस जातील हे सांगता येत नाही. म्हणून पहिलाच नमुना नीट द्यावा.

सकाळी उठल्यावर, काहीही खाण्यापूर्वी, साध्या पाण्याने दोन-तीनदा चूळ भरावी. खर्रा खाण्याची सवय असलेल्यांनी नमुना देईपर्यंत तो तोंडात टाकूच नये, कारण सुपारी-तंबाखूचे कण नमुना खराब करतात. मग घराबाहेर मोकळ्या हवेत, लेकराबाळांपासून दूर उभे राहून दोन-तीन खोल श्वास घ्यावेत, क्षणभर रोखावेत आणि छातीच्या तळातून खोकून आलेला बेडका थेट डबीत घ्यावा. तो 2 ते 5 मिलिलिटर आणि घट्ट असावा. पातळ, फेसाळ दिसल्यास पुन्हा प्रयत्न करावा. झाकण घट्ट लावून नाव झाकणावर नव्हे, तर डबीवर लिहावे आणि डबी उन्हात न ठेवता त्याच दिवशी पोहोचवावी.

प्रयोगशाळेत प्रथम जंतू फोडून त्यांचा डीएनए मोकळा केला जातो. सुमारे 95 अंश सेल्सिअसला डीएनएच्या दोन साखळ्या सुट्या होतात. तापमान उतरवले की प्रायमर नावाचे छोटे तुकडे क्षयजंतूच्या ठरावीक जागी चिकटतात आणि तिथून पॉलिमरेज हे विकर (एन्झाइम) नवी साखळी विणते. इतक्या उष्णतेत साधे विकर निकामी झाले असते. हे विकर मुळात अमेरिकेतील यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांत सापडलेल्या जिवाणूपासून मिळाले. कॅरी मुलिस यांना 1983 मध्ये सुचलेल्या या पद्धतीसाठी त्यांना 1993 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. प्रत्येक फेरीत प्रती दुप्पट होतात, त्यामुळे एका तुकड्याच्या 30 फेऱ्यांत, सारे सुरळीत चालले तर, सुमारे 107 कोटी प्रती होतात. सूक्ष्मदर्शकात जंतू दिसण्यासाठी एका मिलिलिटरमध्ये साधारण 10 हजार जंतू लागतात. इथे त्याहून कितीतरी कमी पुरतात. प्रती वाढतात तशी नमुन्यातील चमक वाढते, आणि ती जितक्या लवकरच्या फेरीत दिसेल तितके जंतू अधिक, असा अर्थ होतो.

अहवालात रिफॅम्पिसिनचा उल्लेख असतो. जंतूच्या आरपीओबी जनुकात बदल आढळल्यास हे मुख्य औषध लागू पडण्याची शक्यता कमी असते आणि डॉक्टर वेगळा उपचार ठरवतात. ‘इनव्हॅलिड’ म्हणजे निगेटिव्ह नव्हे. नमुना पुन्हा द्यावा. निगेटिव्ह येऊनही खोकला टिकला, तर छातीचा एक्स-रे काढून घ्यावा.

पूर्वी क्षयरोगाचे औषध घेतले असल्यास ते नमुना देतानाच सांगावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. मेलेल्या जंतूंचाही डीएनए काही काळ शरीरात राहतो आणि यंत्राला जिवंत-मृत ओळखता येत नाही. म्हणूनच औषध चालू असताना सुधारणा पाहण्यासाठी सूक्ष्मदर्शक किंवा कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची) तपासणी करतात.