फिट टेस्टच्या दिवसाची तयारी: कारखान्यातल्या सिस्टरांसाठी

फिट टेस्ट म्हणजे डोक्यावर हूड (झाकणारं टोपडं) घालून आत सॅकरिनचं गोड धुकं फवारायचं आणि मास्क चेहऱ्याला नीट बसतो का ते पाहायचं; गोड लागलं तर मास्क गळतो. हा दिवस सिस्टरांना ती टेस्ट घ्यायला शिकवण्याचा. हॉल, प्रोजेक्टर, हजेरीपत्रक यांवर शब्द घालवत नाही. ते कंपनीवाले करतातच. चहाची वेळ मात्र आपल्या हातात ठेवा. का, ते पुढे येईल.

तारीख सप्टेंबरातली घ्या. दिवाळीच्या सुमारास जिनिंगला कापूस यायला लागला की तिकडच्या सिस्टरला कुणी दिवसभर सोडत नाही. आणि मे महिन्यात, जळगाव-भुसावळच्या उन्हात, डोक्यावर हूड घालून कुणाला बसवणं म्हणजे छळच. घामाने मास्क घसरतो तो वेगळाच.

एका दिवसात सोळाच्या वर सिस्टर नकोत. प्रत्येकीने टेस्ट एकदा द्यायची आणि एकदा घ्यायची, म्हणजे एका टेस्टला तयारीसकट २० मिनिटं धरा. ४ हूड असले तर दीड तासात उरकतं. दोनच असले तर तीन तास जातात आणि जेवणानंतरच्या जोड्या जांभया देत बसतात.

मास्क आपल्या पसंतीचे आणू नका. ज्या कारखान्यात कामगाराला जो मास्क मिळतो तोच त्या सिस्टरने आणायचा, तीन-तीन नग. आपल्याकडून एफएफपी२ चे, म्हणजे धूळ गाळणारे वापरून टाकायचे मास्क, कपासारखे आणि घडीचे दोन्ही, आयएस ९४७३ या भारतीय मानकाचा शिक्का पाहून घेतलेले. शिवाय रबरी हाफ मास्क लहान, मध्यम, मोठा. लहान साईज हट्टाने मागा. डाळ मिलमध्ये, नंदुरबारच्या मिरची पथारीवर (मिरच्या वाळवायच्या मैदानावर) बायाही कामाला असतात आणि दुकानदार सगळ्यांना मध्यमच टेकवतो. हाफ मास्कला नुसतं वायू शोषणारं कार्ट्रिज (डबी) लावून ही टेस्ट होत नाही, धुळीचा फिल्टर लावा. एक उपरणंही ठेवा. उपरणं बांधलं की भागतं असं म्हणणारे भेटणारच. ते बांधून हूडमध्ये बसवलं की पहिल्या काही फवाऱ्यांतच तोंड गोड होतं. भाषण वाचतं.

आता नेब्युलायझर, म्हणजे द्रावणाचं धुकं करणारा फवारा. मागच्या खेपेला घोळ इथेच झाला, म्हणून हा भाग दोनदा वाचा. सॅकरिनच्या किटमध्ये हाताने दाबायचे दोन नेब्युलायझर असतात. एक चव कळते का ते पाहायचा, दुसरा खऱ्या टेस्टचा. टेस्टच्या द्रावणात १०० मिली पाण्याला ८३ ग्रॅम सॅकरिन असतं, पहिल्याच्या १०० पट. ते पाकच आहे. आपल्या कोरड्या हवेत बघता बघता त्याचे खडे नळीच्या बारीक तोंडाशी धरतात. फुगा दाबला की फुस्स आवाज येतो, हवा येते, धुकं येत नाही. आणि मग काय होतं? सगळ्या जणी पास! तुंबलेला नेब्युलायझर कुणाला नापास करत नाही, पासच करतो. गळका मास्क घातलेली बाई पास होते आणि त्याच मास्कवर धुळीत उभी राहते.

तेव्हा प्रत्येक हूडमागे आतला सुटा भाग, म्हणजे इन्सर्ट, दोन जादा ठेवा. डिस्टिल्ड वॉटरचा ५ लिटरचा कॅन आणा. बोअरचं पाणी नको, त्याचे क्षार वाळून तेच तोंड बुजवतात. तुंबलं की कोमट पाण्यात बुडवून खडे विरघळू द्या. टाचणी खुपसू नका, भोक मोठं होतं आणि धुक्याऐवजी जाड थेंब पडतात. प्रत्येक टेस्टआधी, हो, प्रत्येक, खिडकीच्या उजेडाकडे धरून एक फवारा मारा. धुकं डोळ्यांना दिसलंच पाहिजे. सकाळचं द्रावण दुपारी ओतून द्यायचं, धुवायचं, झटकून वाळवायचं, नवं भरायचं. दोन्ही नेब्युलायझरना वेगळ्या रंगाची चिकटपट्टी लावा, नाहीतर अदलाबदल ठरलेली. आणि टेस्ट संपून 'काही लागलं नाही' असं उत्तर आलं की हूड न काढता मास्कच्या कडेखाली एक बोट सरकवायला सांगून आणखी दोन-चार फवारे मारा. तरीही गोड लागलं नाही तर ती पास नाही. नेब्युलायझर तुंबलाय. धुवा, आणि टेस्ट पहिल्यापासून घ्या.

चहाची वेळ हातात ठेवा म्हटलं ते यासाठी: टेस्टआधी १५ मिनिटं पाण्याशिवाय तोंडात काही नको. चहा, केळं, बडीशेप, तंबाखू, मिश्री, काहीच नाही. सिस्टर मिश्री लावत नसतील, त्यांचे कामगार लावतात. विचारायची सवय इथेच लावा. आधी मास्क न घालता हूड, ओठ किंचित उघडे, जीभ जराशी बाहेर, श्वास तोंडाने. १० फवारे, नाही कळलं तर आणखी १०, मग आणखी १०. 'गोड लागस का?' असं अहिराणीत विचारलं की उत्तर पटकन येतं. तिसाव्यालाही कळलं नाही तर सॅकरिन त्या माणसाला चालत नाही, त्याच्यासाठी बिट्रेक्स या कडू द्रावणाचं एक किट हवंच. मग मास्क घालून ५ मिनिटं, आणि पुन्हा हूड. चव जितक्या फवाऱ्यांच्या टप्प्यात कळली तितके फवारे सुरुवातीला, नंतर दर ३० सेकंदांनी त्याच्या निम्मे. साधा श्वास, खोल श्वास, मान डावी-उजवी, मान वर-खाली, बोलणं, कमरेत वाकणं, पुन्हा साधा श्वास. प्रत्येकी एक मिनिट. बोलताना वाचता न येणाऱ्याकडे उतारा देऊ नका. शंभरापासून उलटे आकडे, नाहीतर आखाजीचं (अक्षय्य तृतीयेचं) पाठ असलेलं गाणं म्हणू द्या.

दाढीचे खुंट असलेल्याची टेस्ट घ्यायचीच नाही. हुज्जत घालू नका, ब्लेड द्या. बायांचा पदर आधी खाली घ्या. पट्टा पदरावरून गेला की मान हलवताच सरकतो. अंबाडा खालचा पट्टा वर ढकलतो, तोही बघा.

स्पायरोमीटर, म्हणजे फुंकर मारून फुफ्फुसांची क्षमता मोजायचं यंत्र, ३ लिटरच्या सिरिंजने सकाळीच तपासा, फरक ३ टक्क्यांच्या आत हवा. उंची चप्पल काढून मोजा, विचारून लिहू नका. प्रश्नावलीत छाती आवळते का हे विचारताना 'सोमवारी' असा शब्द नको. सगळ्या कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते. 'सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला' असं विचारा, कापसाच्या धुळीचा त्रास तिथेच सापडतो.

कार्ट्रिजची माहिती द्यायला अर्धा तास बस्स. एक जुनं कापून आतला कोळसा दाखवा. कोल्ड स्टोरेजच्या अमोनियाला हिरव्या रंगाचं 'के' प्रकारचं, रंगकामाला तपकिरी 'ए' प्रकारचं. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असलेल्या टाकीत यातलं काहीच चालत नाही, हे फळ्यावर लिहून ठेवा.

राहिलं ते पटापट: हूड पुसायला ओले वाइप्स, कचऱ्याच्या पिशव्या, वही. वहीत नाव, मास्कची कंपनी-मॉडेल-साईज, कुठलं द्रावण, निकाल, तारीख. नुसतं 'पास' लिहून भागत नाही. मॉडेल बदललं, वजन बरंच घटलं-वाढलं, कवळी बसवली, तर टेस्ट नव्याने, एरवी वर्षाने.