जनुकांच्या आधी प्रश्नावली

बालपणीचे आघात, जनुकं आणि स्वतःला इजा करणं यांचा संबंध, हा माझा विषय. पीएच.डी.ला नोंदणी केली तेव्हा माझ्या सिनॉप्सिसमध्ये एकच जनुक मिरवत होतं, सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वाहून नेणाऱ्या प्रथिनाचं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारभर मुलांचा अभ्यास अजून चालू आहे. त्यातून २००३ साली निष्कर्ष आला, की लहानपणी छळ सोसलेल्यांपैकी ज्यांच्याकडे या जनुकाचं आखूड रूप असतं, त्यांना मोठेपणी नैराश्य जास्त गाठतं. मी हरखले होते. गाईडनी पान उलटलं आणि म्हणाले, "अहो, हे जनुक कधीच वारलं."

खरंच होतं ते. २००९ साली अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तो संबंध टिकला नाही. २०१९ साली तर नैराश्याशी जोडलेली १८ नावाजलेली जनुकं मोठ्या नमुन्यात कुठल्याही यादृच्छिक जनुकांपेक्षा सरस ठरली नाहीत. म्हणून नव्याने येणाऱ्यांना सांगते, एका जनुकावर विषय बेतू नका. आता हजारो बारीक जनुकीय फरकांची बेरीज करून धोक्याचा गुणांक काढतात. पण तो बहुतांशी युरोपीय वंशाच्या लोकांवर बेतलेला असल्याने आपल्याकडे लंगडा पडतो.

जुळ्यांच्या अभ्यासांवरून आत्मघाती वर्तनातली ३० ते ५५ टक्के तफावत आनुवंशिक मानतात. हा आकडा लोकसंख्येतल्या फरकांचा आहे, एखाद्या मुलीच्या नशिबाचा नव्हे. शिवाय तापट बाप मुलाला जनुकंही देतो आणि घरातलं वातावरणही. दोन्ही वेगळी कशी काढणार? एकसारख्या जुळ्यांची जनुकं सारखीच असतात; त्यांपैकी एकालाच जास्त सोसावं लागलं असेल, तर थोडा उलगडा होतो.

माझा खरा घाम निघाला तो प्रश्नावलीत. बालपणातल्या आघातांची २८ विधानांची प्रश्नावली सगळेच वापरतात. त्यात 'भावनिक छळ' आणि 'भावनिक दुर्लक्ष' असे वेगळे भाग आहेत. मराठीत विचारलं, की समोरची मुलगी म्हणते, "छळ नाही हो, घरात सगळ्यांनाच बोलायचे." मग चहा पिताना तीच सांगते, की आई महिनाभर अबोला धरायची आणि ताट न बोलता पुढ्यात सरकवायची. 'छळ' हा शब्द तिच्या लेखी सासरचा. आम्ही टोमणे, अबोला, घालूनपाडून बोलणं असे शब्द घेतले, तेव्हा कुठे लोक बोलू लागले.

तरीही आठवण म्हणजे नोंद नव्हे. बालपणी ज्यांच्या छळाची नोंद झाली होती, त्यांतले निम्म्याहून अधिक जण मोठेपणी तसं सांगत नाहीत, आणि सांगणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांची जुनी नोंद सापडत नाही. दोन्ही गट निराळेच धरा.

'स्वतःला इजा केली का' आणि 'तेव्हा जीव द्यायचा विचार होता का' हे प्रश्न वेगवेगळे विचारा. एथिक्स कमिटीने माझा फॉर्म एकदा परत पाठवला, कारण कुणी 'हो, कालच' म्हणालं तर पुढे काय, हे मी लिहिलंच नव्हतं. आता त्याच दिवशी कोणत्या समुपदेशकाकडे न्यायचं, हे ठरलेलं असतं. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पहिल्याच पानावर आहे. इजेचे प्रश्न मधे घेतले आहेत. त्यांच्यानंतर झोप, जेवण आणि मैत्रिणी.