प्लॅस्टिकवरचं क्रोम सोलतंय? या चुका टाळा

नळाचा नॉब साल निघून परत आला की सगळे आधी प्लेटिंगच्या टाकीत डोकावतात. माझ्या अनुभवात दुखणं बहुतेक वेळा जॉब (प्लेटिंगला आलेला भाग) टाकीत उतरण्याआधीच जडलेलं असतं.

एबीएसवर, म्हणजे अशा नॉबच्या प्लॅस्टिकवर, धातू कसा धरतो, ते आपल्या जांभ्यावरून कळतं. जांभ्याला भोकं असतात म्हणून गिलावा टिकतो. एबीएसमध्ये ब्युटाडाइन रबराचे बारीक कण असतात. क्रोमिक-सल्फ्युरिक ॲसिडात बुडवून केलेलं एचिंग ते कण खाऊन भोकं पाडतं, निकेल त्यांत मूळ धरतं. साच्यावर सिलिकॉन स्प्रे मारला असेल, तर ॲसिड आत शिरतच नाही. मोल्डिंगवाल्याला बजावून ठेवा, स्प्रे बंद.

पावसाळ्यात वेगळीच भानगड. एबीएसचा दाणा हवेतली ओल पितो, आणि जून ते सप्टेंबर कोकणात हवेत दुसरं असतं काय! उघड्या गोणीतला दाणा तसाच मोल्डिंग मशीनच्या हॉपरमध्ये ओतला की जॉबवर चंदेरी चट्टे उठतात, प्लेटिंगनंतर तिथेच फोड. ८० अंशांवर २ ते ४ तास सुकवा. साचा घाईघाईत भरला तर गेटजवळ, म्हणजे प्लॅस्टिक साच्यात शिरतं तिथे, ताण राहतो. एखादा नमुना ग्लेशियल ॲसेटिक ॲसिडमध्ये मिनिटभर बुडवून धुवा. ताणाची जागा पांढरी पडते. हातमोजे, गॉगल घालूनच.

आता निघालेली साल उलटी करून बघा. आतली बाजू चकचकीत असेल तर एचिंग कमी पडलं. प्लॅस्टिकचा पापुद्रा चिकटून आला असेल तर एचिंग जास्त झालं, नाहीतर मोल्डिंगच कच्चं. एवढं बघितलं तरी अख्खी टाकी उपसायची वेळ टळते.

काही ठिकाणी निकेल धरतच नसेल, तर भोकांत राहिलेलं क्रोमिक ॲसिड, निकेल धरावं म्हणून आधी लावलेल्या पॅलेडियमला मारतंय. एचिंगनंतर हे क्रोमिक मारणारी बायसल्फाइटची डुबकी चुकवू नका. हे पाणी विषारी, प्रक्रिया केल्याशिवाय खाडीत सोडायचं नाही.

खाडीलगतच्या बोअरचं पाणी ॲसिड कॉपरच्या (पहिल्या निकेलवर तांब्याचा थर चढवायच्या) टाकीत नको. तिथे क्लोराइड साधारण ५० ते १०० पीपीएम लागतं. खाऱ्या पाण्याने ते वाढून कॉपर मळकट येतं. डीएम (क्षार काढलेलं) पाणीच वापरा.

‘प्लॅस्टिक आहे, गंजणार कुठून?’ हे गिऱ्हाइकाचं लाडकं वाक्य. क्रोमचा थर मायक्रॉनच्याही आतला. खारी हवा त्याच्या छिद्रांतून आत उतरते आणि खालचं कॉपर हिरवं पडतं. किनाऱ्यावरच्या मालाला कॉपर आणि क्रोमच्या मध्ये, खाली सेमी-ब्राइट, वर ब्राइट असं दुहेरी निकेल द्या. दर वाढतो, म्हणून ऑर्डर घेतानाच विचारा, नॉब पुण्यात बसणार की वेंगुर्ल्यात.