फ्रीकॅडमध्ये मॉडेलवरचा कोन कसा मोजावा

गिऱ्हाइकाकडून पत्र्याच्या ब्रॅकेटची स्टेप फाइल, म्हणजे त्रिमितीय मॉडेलची फाइल येते, ड्रॉइंग मात्र येत नाही. मग बेंड किती अंशांचा, ते मॉडेलवरूनच काढावं लागतं. त्यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. फ्रीकॅड फुकट मिळतं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत मोजमापाचं नवं टूल आहे.

फाइल उघडून टूल्स मेनूतलं 'मेझर' घ्या. पॅनेलमध्ये मोड 'ऑटो' असेल, तो 'अँगल' करा. आता बेंडच्या एका बाजूच्या सपाट फेसवर (पृष्ठभागावर) क्लिक करा, मॉडेल फिरवा आणि दुसऱ्या बाजूच्या फेसवर क्लिक करा. दुसरा निवडताना पहिला सुटत असेल, तर कंट्रोल दाबून धरा. दोन्ही फेस आतले घ्या किंवा दोन्ही बाहेरचे. मधल्या गोलाईवर मात्र क्लिक नको.

कडांवरून मोजायचा मोह टाळा. कड बेंडच्या रेषेला काटकोनात असेल तरच तिचा कोन खरा. ब्रॅकेटचं टोक तिरकं कापलेलं असलं, की दोन कडांमधला कोन वेगळाच येतो, आणि सॉफ्टवेअर तो बिनदिक्कत दाखवतं. त्याचंही चुकत नाही म्हणा. आपण विचारलेल्या कडांचाच कोन ते सांगतं.

आकडा आला की मॉडेलकडे नीट बघा. बेंड काटकोनापेक्षा उघडा दिसतोय आणि आकडा ६०° आहे? मग तो पूरक कोन आहे. १८० मधून वजा करा, आतला कोन १२०°. प्रेस ब्रेकवरच्या, म्हणजे पत्रा वाकवायच्या मशीनवरच्या माणसाला सांगताना 'आतला १२०' असं स्पष्ट म्हणा. नुसतं '६०' लिहिलं, तर पत्रा ६० अंश वळवायचा की आतला कोन ६० ठेवायचा, हे त्याला कळणार नाही. ९०° च्या बेंडला दोन्ही आकडे एकच येतात, त्यामुळे हा घोळ वर्षानुवर्षं लपून राहतो.

दशांश स्थळं कमी ठेवली असतील तर ८९.९९६ सुद्धा ९०.०० दिसतं. शंका असेल तर प्रेफरन्सेसमध्ये युनिट्सजवळ स्थळं वाढवून बघा.

एसटीएल फाइल आली असेल, तर तिच्यात नुसते त्रिकोण असतात, असे सलग फेस नसतात. गिऱ्हाइकाकडून स्टेप फाइलच मागवा.